मुहम्मद अलीचा उत्कर्षकाळ कोणता?

थोर कलावंताच्या किंवा वीराच्या हयातींत त्याचा उत्कर्षबिंदु नेमका कोठें होता, हा वाद वरवर पाहतां रिकामटेकडेपणाचा वाटतो. फळ पिकलें केव्हां याची चर्चा करीत बसण्यापेक्षां तें चाखावें हें बरें, असें कोणीहि व्यवहारी मनुष्य म्हणेल. तथापि असल्या वादांत उतरणारा मनुष्य दुसऱ्याविषयीं बोलतां बोलतां स्वतःविषयींहि बोलत असतो. आपण गुण कशाला म्हणतों, यश कशाला म्हणतों आणि मान कशापुढें तुकवितों, याची कबुली त्याच्या उत्तरांतून नकळत बाहेर पडते. मुष्टियोद्धा मुहम्मद अली याच्या ऐन भराचें वर्ष कोणतें, हा गेलीं पन्नास वर्षें चालत आलेला वाद याच जातीचा आहे. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत तो घेण्याचें प्रयोजन काय, अशी शंका कोणाला येईल. परंतु या वादाचा निकाल पुष्कळांच्या मनांत मुष्टियुद्धानें लावलेला नसून वाङ्मयानें लावलेला आहे, असें माझें मत आहे, आणि तें तपासून पाहण्याजोगें आहे.

वादाला आधारभूत असलेली हकीगत प्रथम थोडक्यांत सांगतों. अलीचा जन्म १७ जानेवारी १९४२ रोजीं अमेरिकेंतील केंटकी राज्याच्या लुईव्हिल शहरीं झाला; कॅशियस क्ले हें त्याचें मूळ नांव. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळवून तो धंदेवाईक मुष्टियुद्धांत शिरला, आणि २५ फेब्रुवारी १९६४ रोजीं मायामी बीच येथें सनी लिस्टन या दांडग्या प्रतिस्पर्ध्याला नमवून बाविसाव्या वर्षीं वजनदार गटाचा जगज्जेता झाला. लागलीच त्यानें इस्लाम स्वीकारल्याचें जाहीर करून नवें नांव धारण केलें. पुढील तीन वर्षांत त्यानें आपलें पद नऊ वेळां राखलें. २८ एप्रिल १९६७ रोजीं व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत भरती होण्याचें त्यानें नाकारलें; त्याबरोबर पद गेलें, लढण्याचे परवाने गेले, आणि पांच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळें तुरुंग टळला, परंतु रिंगण बंद झालें. शेवटची लढत २२ मार्च १९६७ ची, आणि पुनरागमनाची लढत २६ ऑक्टोबर १९७० ची. मध्यें तीन वर्षें सात महिने रिकामे गेले. सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली ती पुढें जून १९७१ मध्यें. त्यानंतर अली १९८१ च्या डिसेंबरपर्यंत लढला. एकंदर लढती ६१, विजय ५६, पराभव ५. रिकाम्या काळापूर्वींच्या २९ लढतींत एकहि पराभव नाहीं. पांचहि पराभव नंतरच्या ३२ लढतींतले आहेत.

या हकीगतीवरून तीन पक्ष निर्माण झाले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, अलीचा उत्कर्ष १९६६ आणि १९६७ या वर्षांतला. त्या वेळीं त्याला कोणी धड स्पर्शहि करूं शकत नव्हतें. दुसरा पक्ष म्हणतो, १९७४ सालीं किन्शासा येथें जॉर्ज फोरमनविरुद्ध आणि १९७५ सालीं मनिला येथें जो फ्रेझरविरुद्ध तो जें लढला, तेंच त्याचें शिखर. त्यापूर्वींचा अली नुसता चपळ पोरगा होता. तिसरा पक्ष अधिक सूक्ष्म आहे. तो म्हणतो, पंचवीस ते अठ्ठावीस हीं या गटांतील योद्ध्याच्या भराचीं वर्षें. अलीचीं तीं हिरावून घेतलीं गेलीं, म्हणून त्याचा खरा उत्कर्ष जगानें पाहिलाच नाहीं.

हे तिन्ही पक्ष एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ मनांत धरून भांडत असतात, हें थोडा विचार केल्यास ध्यानांत येईल. कौशल्य सर्वांत अधिक केव्हां होतें, हा एक प्रश्न. सर्वांत मोठा पराक्रम केव्हां घडला, हा दुसरा. आणि लोकांचें प्रेम सर्वांत अधिक केव्हां मिळालें, हा तिसरा. कांहीं वीरांच्या बाबतींत तिहींचें उत्तर एकच येतें, आणि मग वाद उरत नाहीं. २२ जून १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जो लुई यानें मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरींत, अवघ्या दोन मिनिटांच्या सुमारास, चीत केलें. त्या रात्रीं लुईचें कौशल्य, त्याचा पराक्रम आणि त्याच्यावरील लोकांचें प्रेम हीं तिन्ही एका ठिकाणीं आलीं. अलीच्या बाबतींत तीं एकत्र आलीं नाहींत. १९६७ सालीं कौशल्य होतें, पण बहुसंख्य अमेरिकन जनता त्याच्यावर रुष्ट होती. १९७४ सालीं प्रेम होतें, पराक्रम होता, पण पाय पूर्वींचे नव्हते.

उत्कर्ष हा शब्द पराक्रमापासून निराळा ठेवणें कां आवश्यक आहे, हें दाखविण्यास फोरमनचेंच उदाहरण पुरेसें आहे. किन्शासा येथें हरलेला हाच फोरमन वीस वर्षांनंतर, ५ नोव्हेंबर १९९४ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं मायकेल मूररला पाडून पुन्हां जगज्जेता झाला. त्याच्या आयुष्यांतील अत्यंत आश्चर्यकारक विजय हाच म्हणावा लागेल. परंतु पंचेचाळीस वर्षांचा स्थूल फोरमन हा फोरमनचा उत्कर्ष होय, असें कोणीहि म्हणत नाहीं. तो विजय आश्चर्यकारक वाटतो याचें कारणच असें कीं, उत्कर्ष केव्हांच ओसरून गेला होता. हा न्याय फोरमनला लावावयाचा आणि अलीला लावावयाचा नाहीं, हें बरोबर नाहीं.

आतां कसोटी कोणती लावावी? मम्मटाचार्यांनीं काव्याची कारणमीमांसा करतांना शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तीन अंगें सांगितलीं आहेत, आणि हीं तीन वेगवेगळीं कारणें नसून तिहींचें मिळून एकच कारण होय, असें स्पष्ट बजावलें आहे. कवीसाठीं सांगितलेली ही कसोटी मुष्टियोद्ध्याला लावण्यांत मला कांहीं विपरीत वाटत नाहीं. शक्ति म्हणजे जन्मजात देणगी: अलीच्या बाबतींत पायांची गति, डोळ्यांची तत्परता, सहा फूट तीन इंच उंची आणि त्या उंचीच्या माणसांत न आढळणारी हाताची चपळाई. निपुणता म्हणजे जगाचें व प्रतिस्पर्ध्यांचें निरीक्षण करून आलेलें शहाणपण. आणि अभ्यास म्हणजे गुरूच्या देखरेखीखालीं रोज केलेली मेहनत. येथें गुरु अँजेलो डंडी आणि शाळा मायामींतील फिफ्थ स्ट्रीटवरची व्यायामशाळा. ज्या काळीं हीं तिन्ही अंगें एकत्र नांदत असतील, तो उत्कर्षकाळ. एक अंग ओसरलें असतां दुसऱ्यानें त्याची भरपाई केली, तर ती भरपाई कितीहि विलक्षण असो, ती भरपाईच होय.

पहिल्या पक्षाचा मुख्य पुरावा म्हणजे १४ नोव्हेंबर १९६६ रोजीं ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोममध्यें क्लीव्हलंड विल्यम्सबरोबर झालेली लढत. तिचें चित्रण आज कोणालाहि पाहतां येतें. अली डावीकडून फिरत राहतो. त्याचे हात कमरेजवळ लोंबत असतात. विल्यम्सचा ठोसा निघतो, आणि अलीचें डोकें त्या ठोशाच्या टप्प्यापलीकडे दोन-तीन इंचच मागें जातें. जास्त जात नाहीं, कारण जास्त गेल्यास उलट ठोसा द्यावयास विलंब लागेल. मागें सरत असतांनाच तो मारतो. सामान्य योद्ध्याला मागें सरतांना नुसतें स्वतःला वांचवितां येतें. दुसऱ्या फेरींत विल्यम्स तीन वेळां पडतो, तिसऱ्या फेरींत आणखी एकदां, आणि पंच लढत थांबवितो. या सगळ्यांत अलीला लागलेले ठोसे हाताच्या बोटांवर मोजतां येतील.

यावर दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असा, कीं विल्यम्स त्या वेळीं पूर्वींचा विल्यम्स राहिलेला नव्हता. हा आक्षेप खरा आहे. १९६४ सालीं टेक्सासमधील एका पोलिसाची गोळी त्याच्या पोटांत शिरली होती. त्यांत त्याचें एक मूत्रपिंड गेलें, आणि अनेक शस्त्रक्रियांनंतर तो कसाबसा रिंगणांत परतला होता. अशा मनुष्याला हरविण्यांत पराक्रम फारसा नाहीं, हें मी मान्य करतों. परंतु येथें आपण पराक्रम मोजीत नसून कौशल्य पाहत आहों. श्रोते जाणते नव्हते म्हणून गवयाची तान बेसूर ठरत नाहीं. तथापि मुष्टियुद्धांत प्रतिस्पर्धी हा श्रोत्यापेक्षां अधिक कांहीं असतो; तो लढतीचा अर्धा भागच असतो. म्हणून एकट्या विल्यम्सच्या लढतीवर विसंबून न राहतां पुढील दोन लढतींचा साक्षीपुरावा घेतला पाहिजे.

६ फेब्रुवारी १९६७ रोजीं अर्नी टेरेलशीं लढत झाली. टेरेल साडेसहा फूट उंच, लांब हातांचा, आणि दुसऱ्या एका मंडळाच्या मतें स्वतःच जगज्जेता असलेला. उंचीचा लाभ या खेपेस अलीला नव्हता. तरी पंधराहि फेऱ्यांवर त्यानेंच प्रभुत्व गाजविलें. ही लढत पाहतांना मन प्रसन्न होत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. टेरेल त्याला जुन्याच नांवानें संबोधीत असे, म्हणून अली ठोशागणिक त्याला आपलें नांव विचारीत राहिला, आणि पुढेंपुढें त्या शिक्षेंत क्रौर्य आलें. कौशल्याचा भर आणि सौजन्याचा भर हे एकाच वेळीं येतात असा नियम नाहीं. २२ मार्च १९६७ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें झोरा फॉलीशीं झालेली लढत मात्र सर्व दृष्टींनीं निर्दोष आहे. फॉली तिशी ओलांडलेला खरा, परंतु शास्त्रशुद्ध, सावध आणि अनुभवी होता. अलीनें आरंभींच्या फेऱ्यांत घाई केली नाहीं. प्रतिस्पर्ध्याचा ताल पाहून घेतला, चौथ्या फेरींत त्याला एकदां खालीं बसविलें, आणि सातव्या फेरींत उजव्या हाताच्या आंखूड ठोशांनीं लढत संपविली. ह्यूस्टनमध्यें शक्ति दिसते. येथें शक्तीला निपुणतेची जोड मिळूं लागल्याचें दिसतें. त्या दिवशीं अलीचें वय पंचवीस वर्षें दोन महिने होतें.

दुसऱ्या पक्षाचा आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. अलीच्या पद्धतींतच दोष होते, असें हे लोक म्हणतात. हात खालीं ठेवणें, ठोसा चुकविण्यासाठीं बाजूस न होतां मान सरळ मागें नेणें, पोटावर मारण्याची टाळाटाळ करणें, आणि प्रतिस्पर्धी अंगाशीं आला कीं त्याच्या मानेवर हात टाकून त्याला जखडून ठेवणें, या साऱ्या गोष्टी कोणताहि शिक्षक विद्यार्थ्याला करूं देणार नाहीं. हेंहि खरेंच आहे. १९६३ सालीं लंडन येथें हेन्री कूपरनें डाव्या हाताच्या आडव्या ठोशानें त्याला पाडलें होतें, तें याच दोषामुळें. परंतु यावरून निघणारें अनुमान आक्षेपकांच्या विरुद्ध जातें. जोंवर पाय आणि डोळे पूर्ण गतीनें चालत होते, तोंवर हे दोष दोष राहिले नाहींत. तीच त्याची शैली झाली. पाय मंदावले, आणि शैलीचे पुन्हां दोष झाले. ८ मार्च १९७१ रोजीं फ्रेझरनें पंधराव्या फेरींत त्याला ज्या ठोशानें लोळविलें, तो कूपरच्याच जातीचा डाव्या हाताचा आडवा ठोसा होता. ३१ मार्च १९७३ रोजीं केन नॉर्टननें त्याचा जबडा मोडला. १९६७ आणि १९७१ या दोन वर्षांच्या मध्यें कांहींतरी कायमचें गेलें, आणि काय गेलें हें या दोन पराभवांवरून कळतें.

आतां दुसऱ्या पक्षाचें मुख्य ठाणें, किन्शासा. ३० ऑक्टोबर १९७४, झाईर देशाची राजधानी, पहाटे चारचा सुमार. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीस लढतींत अपराजित. ज्या फ्रेझरनें आणि ज्या नॉर्टननें अलीला हरविलें होतें, त्या दोघांनाहि त्यानें प्रत्येकीं दोनच फेऱ्यांत गारद केलें होतें. अली बत्तीस वर्षांचा. तो वांचला तरी पुरे, असें त्याच्या मित्रांनाहि वाटत होतें. पहिल्या फेरींत त्यानें डाव्या हाताची प्रस्तावना न करतां एकदम उजव्या हाताचे ठोसे मारून फोरमनला चकित केलें. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना पाठ लावून उभा राहिला, चेहरा हातांआड घेतला, आणि फोरमनला हवें तितकें मारूं दिलें. फोरमन दमला, आठव्या फेरींत अलीनें दोरांपासून सुटून त्याला पाडलें. ही निपुणता अद्भुत आहे. उकाडा, सैल दोर, प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव आणि स्वतःची मर्यादा या साऱ्यांचा ऐनवेळीं हिशेब करून, आपल्याच गोटाच्या इच्छेविरुद्ध त्यानें हा मार्ग धरला. या लढतीला मी महान म्हणावयास तयार आहें.

परंतु ती उत्कर्षाची लढत नव्हे. दोरांना टेकून मार खाणें ही योजना त्याला सुचली, कारण आठ-दहा फेऱ्या फिरत राहण्याइतके पाय आपल्याजवळ उरले नाहींत, हें त्याला कळून चुकलें होतें. १९६७ च्या अलीला ही युक्ति शोधावी लागली नसती. एका अंगाची उणीव दुसऱ्या अंगानें भरून काढण्याचें याहून थोर उदाहरण खेळांच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल; पण तें उणिवेचेंच उदाहरण आहे.

असें असतां किन्शासाच शिखर म्हणून पुष्कळांच्या मनांत कां ठसलें? येथें वाङ्मयाचा संबंध येतो. १९६६-६७ च्या लढतींना त्यांच्या तोलाचा भाष्यकार त्या वेळीं लाभला नाहीं. वृत्तपत्रांतील लेखकांपैकीं अनेक जण तर त्याला त्याच्या नव्या नांवानें हांक मारावयासहि तयार नव्हते. उलट किन्शासाला नॉर्मन मेलर यांच्यासारखा कादंबरीकार उपस्थित होता. त्यांचें ‘द फाइट’ हें पुस्तक १९७५ सालीं निघालें. पुढें १९९६ सालीं लिऑन गॅस्ट यांचा ‘व्हेन वुइ वेअर किंग्ज’ हा बोलपट आला आणि त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालें. मेलर यांची लेखणी समर्थ आहे, गॅस्ट यांचा बोलपट सुंदर आहे; याविषयीं दुमत नाहीं. परंतु कथेला हवा असतो तो संकटांतून सुटणारा नायक. ज्याच्यावर संकट येतच नाहीं, ज्याला कोणी मारूंच शकत नाहीं, असा पंचवीस वर्षांचा तरुण कथेच्या कामाचा नाहीं. ह्यूस्टनच्या लढतींत कथानक नाहीं. किन्शासाच्या लढतींत तें भरपूर आहे. आपण कथानकाला भुललों, आणि कथानकाच्या उत्कर्षाला नायकाचा उत्कर्ष समजलों. ‘आपण’ असें मी मुद्दाम म्हणतों. पुष्कळ वर्षें मीहि याच मताचा होतों, आणि उत्तरवयांतील प्रज्ञा ही तारुण्यांतील बळापेक्षां श्रेष्ठ, हें विद्यार्थ्यांना सांगतांना किन्शासाचा दाखला मोठ्या हौसेनें देत असें. प्राध्यापकाला हा दाखला आवडावा हें स्वाभाविकच आहे. त्याचेंहि वय वाढतच असतें.

माझें मत बदललें तें मनिलाच्या लढतीचें चित्रण पुन्हां एकदां सावकाश पाहिल्यावर. १ ऑक्टोबर १९७५. अलीचें वजन फॉलीच्या वेळीं होतें त्याहून बारा-तेरा पौंडांनीं अधिक. चौदा फेऱ्या दोघांनीं एकमेकांना जें मारलें, तें मोजवत नाहीं. चौदावी फेरी संपल्यावर फ्रेझरचे शिक्षक एडी फच यांनीं त्याला उठूं दिलें नाहीं, आणि अली जिंकला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधीं गेलों नव्हतों, अशा आशयाचे उद्गार अलीनें स्वतः काढले आहेत. या लढतीला शिखर म्हणणारे तिच्यांतील धैर्याविषयीं बोलतात, आणि धैर्य तिच्यांत आहेच. परंतु चुकविण्याच्या कलेंत जो अद्वितीय होता, त्याचा उत्कर्ष त्यानें सर्वांत अधिक मार खाल्ला त्या दिवशीं झाला, असें म्हणणें म्हणजे त्याच्या कलेचें नांवच पुसून टाकणें होय.

तिसऱ्या पक्षाविषयीं मला आदर आहे, कारण त्याच्या म्हणण्यांत एका अन्यायाची आठवण आहे. फॉलीच्या लढतींत शक्ति आणि निपुणता यांचा जो संगम दिसूं लागला होता, तो १९६८-६९ सालीं पूर्ण झाला असता, हें संभवनीय आहे. पण टीकाकाराला न लिहिलेल्या काव्यावर अभिप्राय देतां येत नाहीं. रिकाम्या वर्षांत शिखर कल्पिणें सोपें असतें, कारण तीं वर्षें कोणत्याहि कल्पनेला विरोध करीत नाहींत. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. १९७४ ची निपुणता आपल्याला इतकी मोहक वाटते. पण ती रिकाम्या वर्षांमुळें, नंतरच्या पराभवांमुळें आणि मंदावलेल्या पायांमुळें त्याला शिकावी लागली. बंदी आली नसती, तर कदाचित् तो ती शिकलाच नसता. म्हणून १९६७ चे पाय आणि १९७४ चें डोकें एकत्र जोडून एक काल्पनिक अली उभा करणें, हें तिसऱ्या पक्षाला शोभत असलें तरी प्रामाणिक नव्हे. गेलेल्या वर्षांबद्दल हळहळावें, त्यांत शिखर मात्र मांडूं नये.

इतका काथ्याकूट करून निष्पन्न काय, असें वाचक विचारतील. एका सालाऐवजीं दुसरें साल म्हटल्यानें काय बिघडतें? माझ्या मतें पुष्कळ बिघडतें. अलीचे वैद्य फर्डी पाचेको यांनीं असें सांगितलें आहे, कीं पुनरागमनानंतर आपल्याला मार सहन करतां येतो हा शोध अलीला लागला, आणि तो शोध त्याला जितका उपयोगी पडला तितकाच घातक ठरला. सरावाच्या वेळींहि तो जोडीदारांना मुद्दाम मारूं देत असे. लोकांनीं या सहनशक्तीलाच त्याचें मोठेपण ठरविलें. टाळ्या तिला पडल्या, पुस्तकें तिच्यावर निघालीं. २९ सप्टेंबर १९७७ रोजीं अर्नी शेव्हर्स या जबरदस्त हाताच्या योद्ध्याशीं तो पंधरा फेऱ्या लढून जिंकला. त्यानंतर पाचेको यांनीं त्याला निवृत्त होण्याचा सल्ला दिला, आणि तो ऐकला न गेल्यामुळें त्याचा गोट सोडला. २ ऑक्टोबर १९८० रोजीं लॅरी होम्सपुढें तो दहा फेऱ्या जवळजवळ असहाय उभा राहिला. अखेर डंडी यांनीं लढत थांबविली. तरीहि ११ डिसेंबर १९८१ रोजीं बहामा बेटांत ट्रेव्हर बर्बिकशीं तो आणखी एकदां लढला आणि हरला. १९८४ सालीं त्याच्या व्याधीचें निदान जाहीर झालें: पार्किन्सनच्या जातीचा कंपवात. अमेरिकेंतील संशोधकांनीं त्याच्या जुन्या मुलाखतींचें ध्वनिमुद्रण तपासून २०१७ सालीं असें दाखविलें, कीं त्याच्या बोलण्याचा वेग निदानाच्या कित्येक वर्षें आधींपासून, तो लढत असतांनाच, उतरत चालला होता. ज्याच्या जिभेची चपळाई त्याच्या पायांइतकीच प्रसिद्ध होती, त्याची जीभ जड होत चालली होती, आणि प्रेक्षक आणखी एका लढतीची मागणी करीत होते.

व्याधीचें कारण सर्वस्वी ठोसेच होत, असें मी म्हणत नाहीं. तो निर्णय वैद्यांचा. परंतु चुकविणारा अली लहान आणि सोसणारा अली मोठा, हें मत ज्यांनीं रूढ केलें, त्यांनीं एका चाळिशीला टेकलेल्या माणसाला रिंगणांत ठेवण्यास आपल्या परीनें हातभार लावला, हें नाकारतां येणार नाहीं. आपण ज्याला शिखर म्हणतों, तिकडेच माणसें चढूं पाहतात. उत्कर्षाची व्याख्या करणारा म्हणून अगदींच निर्दोष राहूं शकत नाहीं.

१९९६ च्या जुलैंत ॲटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रारंभीं अलीनें थरथरत्या हातांनीं ज्योत पेटविली. तें दृश्य दूरदर्शन-संचावर पाहतांना जगाचे डोळे पाणावले, माझेहि पाणावले. ३ जून २०१६ रोजीं तो गेल्यावर तेंच दृश्य पुन्हांपुन्हां दाखविलें गेलें. त्या थरथरत्या हाताला वंदन करण्यास माझी हरकत नाहीं. व्हिएतनामच्या युद्धाला नकार देणारा, त्यापायीं आयुष्यांतील सर्वोत्तम वर्षें गमावणारा आणि पुढें व्याधीशीं बत्तीस वर्षें झगडणारा तो मनुष्य मनुष्य म्हणून उत्तरोत्तर मोठा होत गेला, असेंच माझें मत आहे. पण आपला प्रश्न मुष्टियोद्ध्याविषयीं होता, आणि त्याचें उत्तर मी २२ मार्च १९६७ असेंच देईन. त्या रात्रीं सातव्या फेरीनंतर तो रिंगणांतून उतरला, तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर मार खाल्ल्याची खूण नव्हती. पांच आठवड्यांनीं त्याला सैन्यांत भरती होण्यासाठीं बोलावणें होतें, आणि काय उत्तर द्यावयाचें हें त्यानें ठरविलें होतें.